निळी पेटी आणि लाल कोट

आमच्या मराठवाड्यात 'ऑर्केस्ट्रा' या शब्दाला एक ठरलेला अर्थ आहे. गणपतीत किंवा उरुसात शाळेच्या मैदानावर स्टेज घातलं जातं, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर उभे राहतात आणि चमकीचा कोट घातलेला एक गायक अर्धा कार्यक्रम किशोरकुमार होऊन, उरलेला अर्धा मुकेश होऊन काढतो. मधल्या वेळात निवेदक नवरा-बायकोचे विनोद सांगतो. पहिल्या रांगेत सरपंच, चेअरमन आणि फौजदार. गाणं आवडलं की मागून शिट्टी आणि पुढून शंभराची नोट. माझ्या हिशेबी ऑर्केस्ट्रा तो हाच. म्हणून २०१३ च्या जूनमध्ये लेकीचा लंडनहून फोन आला आणि ती म्हणाली, "बाबा, तुम्ही येताय ना, तेव्हाच इथं एक ऑर्केस्ट्रा आहे, आपण जाऊ," तेव्हा मी साहजिकच विचारलं, "कोणाची गाणी म्हणतात?"

"गाणी नाहीत, बाबा. टीव्हीवरच्या मालिकेचं संगीत. 'डॉक्टर हू'चं."

मला वाटलं, दवाखान्यातली मालिका असेल.

तेव्हा मी नोकरीत होतो. लेक तिकडे एम.एस्सी. करत होती. शिक्षणकर्ज अर्थातच माझ्याच बँकेचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाच्या कागदांवर शिक्के मारले, एकदा स्वतः जामीनदाराच्या जागी सही करून पाहिली. सौ. शाळेत शिक्षिका. जुलैत तिला रजा मिळणं शक्य नव्हतं. मी एकटाच पंधरा दिवसांसाठी निघालो. बॅगेत दोन किलो बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि थंडी वाजेल म्हणून दोन स्वेटर. स्वेटर तसेच परत आले. त्या जुलैत लंडनमध्ये असा उन्हाळा पडला होता की तिथली माणसं हैराण झालेली. आम्हाला बीडकरांना तो मार्गशीर्ष वाटत होता, ही गोष्ट वेगळी.

गेल्यावर लेकीनं दोन रात्री माझी शिकवणी घेतली. ही मालिका बी.बी.सी.वर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, म्हणजे अमेरिकेत अध्यक्ष केनेडींचा खून झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. डॉक्टर नावाचा एक परग्रहावरचा प्रवासी आहे. त्याचं यान बाहेरून निळ्या रंगाच्या जुन्या पोलीस चौकीच्या पेटीसारखं, टेलिफोन बूथाएवढं, आणि आत शिरलं की वाड्याहून मोठं. त्यात बसून तो कोणत्याही काळात जातो. नायकाचं काम करणारा नट १९६६ साली बदलावा लागला, तेव्हा लेखकांनी युक्ती काढली की डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीरच बदलतं. माणूस तोच, चेहरा नवा. लेक हे मला फार जपून समजावत होती. मी म्हटलं, अगं, अवतार आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. मालिका १९८९ साली बंद पडली आणि २००५ साली पुन्हा सुरू झाली. २०१३ हे तिचं पन्नासावं वर्ष.

आपल्याकडे या प्रकाराची परंपरा तोकडी, तरी अगदीच नाही असं नाही. दूरदर्शनवर १९८९ साली 'इंद्रधनुष' लागायची, त्यात मुलं कालयंत्रातून प्रवास करायची. पुढं १९९८ साली केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली. मिलिंद सोमण त्यात अंतराळवीर होता. माझ्या लेकीचं बालपण या व्योमसाहेबांनी व्यापलेलं होतं. चादर खांद्याला बांधून तिनं आमच्या बीडच्या भाड्याच्या घरातला पलंग मोडला होता. त्याचं शीर्षकसंगीत ती झोपेतही गुणगुणायची. हे शीर्षकसंगीत लक्षात ठेवा. मला ते पुढं लागणार आहे.

१३ जुलैचा शनिवार. आम्ही उभं राहून ऐकायच्या तिकिटांच्या रांगेत लागलो. लंडनमध्ये १८९५ सालापासून दर उन्हाळ्यात 'प्रॉम्स' नावाचा संगीताचा मोठा सोहळा होतो. बड्या मैफली साध्या माणसाला परवडाव्यात, हा त्याचा मूळ हेतू. म्हणून व्यासपीठाच्या ऐन पुढची जागा, जिथं आपल्याकडे सरपंच बसतात, ती तिथं उभ्या राहणाऱ्यांसाठी मोकळी ठेवतात. तिकीट पाच पौंड. त्या आठवड्याच्या भावानं साडेचारशे रुपये. साडेचारशे रुपये देऊन उभं राहायचं, हे ऐकून मला आधी हसू आलं. पण रांगेत राहण्याचा मला सराव होता. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात दुष्काळानं टँकरपुढच्या रांगा पाहिल्या होत्या. ही रांग निराळी होती. गळ्यात पायघोळ, रंगीबेरंगी पट्ट्यांचा लोकरी मफलर गुंडाळून माझ्या वयाचे गृहस्थ त्या उकाड्यात घाम पुसत उभे होते. सत्तरच्या दशकातला डॉक्टर तसला मफलर घालायचा म्हणे. कुणी पोर निळा पुठ्ठा अंगावर चढवून पेटीच झालेलं. आजोबा, बाप, नातू अशा तीन-तीन पिढ्या रांगेत, आणि प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा. त्यावरून त्यांची भांडणं चालली होती, अगदी आमच्याकडे सुनील की सचिन यावरून चालतात तशीच.

रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ सालचा. लाल विटांचा, लंबगोल, पाच हजारांवर माणूस मावेल असा. आत शिरल्यावर मी प्रथम वर पाहिलं. छताला मोठमोठ्या परातींसारखं काहीतरी टांगलं होतं. लेक म्हणाली, इथं पूर्वी आवाज इतका घुमायचा की एक सूर दोनदा ऐकू यायचा. म्हणून १९६९ साली या फायबरच्या तबकड्या लावल्या. शंभर वर्षं लोकांनी प्रतिध्वनी सोसला, मग परात्या टांगल्या. सरकारी काम तिथंही आपल्याच वेगानं चालतं, हे पाहून बरं वाटलं.

वाजवणारे वेल्सहून आलेले होते, बी.बी.सी.चाच वाद्यवृंद. बेन फॉस्टर नावाचे संचालक, आणि बहुतेक संगीत मरी गोल्ड या संगीतकाराचं; २००५ पासून मालिकेचं संगीत तेच करत होते. सुरुवात झाली आणि मला पहिली पाच मिनिटं काही कळलंच नाही, कारण आवाज कानांनी नव्हे, छातीनं ऐकू येत होता. मला पाश्चात्त्य संगीतातलं काही समजत नाही. कोणता सूर कुठं गेला, का गेला, हे सांगता येणार नाही. पण वरात मला समजते. आणि हे संगीत वरातीच्या जातीचं होतं. पुढं चाललेलं, मागून कुणीतरी ढकलतंय असं, कुठंतरी वेळेत पोचायचंच आहे असं. मधे एकदा बिझे या जुन्या फ्रेंच संगीतकाराच्या 'कारमेन'मधली एक गोष्ट झाली, बाखही झाला. मालिकेत कुठंतरी ते सूर वापरले होते, एवढंच निमित्त. मालिकेतले नट सूत्रसंचालनाला होते. ते आले तेव्हा जो कल्लोळ झाला तो पंढरीच्या वाळवंटाला साजला असता.

मग सोंगं निघाली. संगीत चालू असताना दारांतून चंदेरी पत्र्याचे राक्षस, मुखवटे चढवलेले परग्रहवासी लोकांमधून फिरू लागले. माझ्या पुढचा एक पोरगा बापाच्या मांडीला घट्ट चिकटला, डोळे मिटून घेतले आणि लगेच एक डोळा उघडला. भारुडात सोंग आलं की आम्ही आईच्या पदराआडून असंच पाहायचो. त्या पोराकडे पाहता पाहता माझा परकेपणा गेला.

आणि मग मला क्लॅरोनेटवाले दिसले. वाद्यवृंदाच्या मध्यावर, बासऱ्यांच्या मागे. काळे कपडे, पुढं कागद. एकानं आपला भाग येण्याआधी वाद्य तोंडाशी नेलं आणि पत्ती ओठांत धरून भिजवली. ती हालचाल मी ओळखली. जगात कुठंही ओळखली असती. त्यानंतर मी वाद्यवृंद पाहिलाच नाही, त्या एका माणसाला पाहत राहिलो. एक रचना संपल्यावर संचालकांनी वादकांच्या एकेका गटाकडे हात केला, आणि ते ते लोक खुर्चीवरून उठून उभे राहिले. क्लॅरोनेटवालेही उठले. पाच हजार माणसं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होती. ते थोडे लाजले, वाद्यं छातीशी धरून वाकले आणि खाली बसले. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं, हे लेकीनं विचारलं नाही.

शेवटी मालिकेचं शीर्षकसंगीत वाजलं. त्याची कथा लेकीनं मला रांगेतच सांगितली होती. ती मला मैफलीइतकीच आवडली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ही धून १९६३ साली वाद्यांवर वाजवलेली नव्हतीच. रॉन ग्रेनर या संगीतकारानं एका कागदावर सूर लिहून दिले, आणि हा वाऱ्यासारखा, तो ढगासारखा अशा काही सूचना. तो कागद बी.बी.सी.च्या रेडिओफोनिक वर्कशॉप नावाच्या विभागाकडे गेला. नाटकांसाठी चमत्कारिक आवाज करून देणं, हे त्या विभागाचं काम. तिथं डेलिया डर्बिशायर नावाची पंचविशीतली मुलगी नोकरीला होती. केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेली. कॉव्हेंट्रीची, लहानपणी युद्धातल्या बॉम्बवर्षावात वाढलेली. हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज आपल्या कानात कायमचा बसला, असं ती पुढं सांगायची. आज कुणीही मांडीवर घेऊन वाजवतो तसला सिंथेसायझर तेव्हा बाजारात नव्हता. तिनं काय केलं, तर खालच्या ठेक्यासाठी एका ताणलेल्या तारेचा टणत्कार ध्वनिफितीवर घेतला. तीच फीत हळू फिरवली की सूर खाली जातो, वेगानं फिरवली की वर. असे सूर करून घ्यायचे, मग प्रत्येक सूर जितका वेळ वाजायला हवा तितक्या लांबीचा फितीचा तुकडा ब्लेडनं कापायचा आणि चिकटपट्टीनं पुढच्याला जोडायचा. खालच्या ठेक्याची एक फीत, वरच्या सुरावटीची दुसरी, वाऱ्याच्या आवाजांची तिसरी. तिन्ही यंत्रं एकदम सुरू करून बरोबर चालवायची. एकदा तिन्ही जुळेनात. कुठंतरी एक तुकडा चुकीच्या लांबीचा लागला होता. तेव्हा तिनं आणि तिच्या मदतनिसानं तिन्ही फिती इमारतीच्या लांबलचक बोळात शेजारी शेजारी उलगडल्या आणि जोड मोजत मोजत चूक शोधून काढली. वर्षअखेरीस सात पैशांचा फरक शोधण्यासाठी लेजर पसरून बसलेल्या माणसाला या बाईबद्दल काय वाटलं असेल, ते मी निराळं सांगत नाही.

ग्रेनर ऐकायला आला, तेव्हा हे मीच लिहिलं का, असं त्यानं चकित होऊन विचारलं. मोठ्या मनाचा माणूस. निम्मं श्रेय आणि निम्मं मानधन तिला द्यावं, असं त्याचं म्हणणं होतं. पण नियम आडवा आला. ती पगारी नोकर. विभागाचं नाव जाईल, व्यक्तीचं जाणार नाही. पत्र कारकून लिहितो, सही साहेबाची असते, आमच्याकडेही तेच. मालिका जगभर गेली, धून घराघरांत गेली, पण पडद्यावर तिचं नाव कधी आलं नाही. १९७३ साली तिनं बी.बी.सी. सोडलं. पुढं गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्यांकडे रेडिओ ऑपरेटर म्हणूनसुद्धा नोकरी केली. २००१ साली ती वारली. तिच्या घराच्या माळ्यावर न्याहारीच्या पोह्यांच्या खोक्यांत भरून ठेवलेल्या २६७ ध्वनिफिती निघाल्या.

तर ती धून. खाली घोड्याच्या दुडक्या चालीसारखा ठेका, आणि वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी ती करुण, लांब ओढ. आपल्याकडे मींड म्हणतात, सनईवाला काढतो, ती. तारेच्या एका टणत्कारातून आणि ब्लेडनं कापलेल्या फितींतून निघालेलं ते संगीत आता हाडामासाची ऐंशी माणसं फुंकून, घासून, बडवून वाजवत होती. ती मींड माझ्या पोटात शिरली. मी उमापूरला पोचलो.

उमापूर म्हणजे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातलं माझं गाव. कापूस, बाजरी, आणि दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या गाड्या. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, बँडात क्लॅरोनेट वाजवायचे. त्यांचे वडील सनई वाजवायचे, त्यांचेही वडील. वाजंत्री आमच्या घरात पिढीजात. यावरून आम्ही कोण, हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. दोन एकर कोरडवाहू होती. लग्नसराईत सुपाऱ्या, एरवी मजुरी, आणि ज्या साली पाऊस नसेल त्या साली कोयता. आबांचा लाल कोट होता, खांद्यांवर सोनेरी झालर असलेला. मे महिन्यात भर दुपारच्या परण्यात तो घालून ते चार-चार तास चालायचे. लोक नाचायचे, नवऱ्यावरून नोट ओवाळून वाजंत्र्यापुढं धरायचे. टाळ्या कुणी वाजवत नसे. वाजवणाऱ्याला टाळ्या असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. पंगती उठून गेल्यावर मांडवाच्या कडेला बँडवाले जेवायला बसायचे.

मी शिकलो, परीक्षा दिली, बँकेत लागलो. फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढं 'शेती' लिहिलं. दोन एकर होती, म्हणजे खोटं नव्हतं.

१९९९ च्या मे महिन्यात लेकीला घेऊन सुट्टीला गावी गेलो होतो. ती नऊ वर्षांची. महिनाभर ओट्यावर बसून ती आबांना 'कॅप्टन व्योम'चं संगीत गुणगुणून ऐकवायची. आबा ते क्लॅरोनेटवर काढायचे. चुकलं की ती म्हणायची, "असं नाही आबा, वर जातं." आबा पुन्हा वर जायचे. आठवडाभरात धून बसली. मग त्यांनी ती बँडातल्या पोरांनाही शिकवली. मला वाटायचं, म्हाताऱ्याला नातीचं वेड आहे, चालू दे.

त्याच सुट्टीत गावातल्या एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न होतं. बीडहून माझे शाखाधिकारी साहेब लग्नाला आले होते. त्या घराचं खातं आमच्याकडे. मी सफारी घालून त्यांच्यासोबत होतो, लेक माझ्या बोटाला. संध्याकाळची वरात मारुतीच्या पारापाशी आली. गॅसबत्त्या, धूळ, अत्तराचा वास. पोरं घाम गाळत नाचत होती, त्यांची सिनेमातल्या गाण्याची फर्माईश सुरू होती. आबांना गर्दीत नात दिसली. त्यांनी पत्ती भिजवली आणि व्योमची धून सुरू केली. मागून कॉर्नेट आलं, साईड ड्रम आला. नाचणारी पोरं थबकली, या गाण्यावर पाय कसा टाकायचा कळेना. पण गावातली बारकी पोरं! त्यांनी क्षणात ओळखलं. हात पसरून विमानं झाली आणि वरातीभोवती घिरट्या घालू लागली. माझी लेक माझं बोट सोडून त्यांच्यात जायला धडपडत होती. नवऱ्याकडचे कुणी काका ओरडले, हे काय लावलंय, बंद करा. आबांनी ऐकलं नाही. पूर्ण वाजवलं.

साहेब म्हणाले, "म्हातारा भारी वाजवतो हो. तुमच्या ओळखीचे का?"

मी म्हणालो, "गावातलेच आहेत कुणी."

आबा चार पावलांवर होते. पण एवढ्या ड्रमच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, असं मी चौदा वर्षं धरून चाललो होतो. २००४ साली ते गेले. त्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं असं मी म्हणणार नाही. बोललो नाही.

लंडनला मैफल संपल्यावर आम्ही समोरच्या बागेत गवतावर बसलो. रात्र झाली तरी उजेड पुरता गेला नव्हता. मफलरवाले आजोबा नातवाला कडेवर घेऊन, तीच धून गुणगुणत समोरून गेले. लेक म्हणाली, "बाबा, आबांनी हे आधीच केलं होतं. तेही चालता चालता."

मी म्हणालो, "तुला आठवतं?"

"सगळं आठवतं."

'सगळं' हा शब्द तिनं सावकाश म्हटला. मग तिनं मला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. त्या रात्री ओट्यावर आबा क्लॅरोनेटचे तुकडे सुटे करून फडक्यानं पुसत बसले होते. हिनं त्यांना विचारलं होतं, आबा, बाबा त्या काकांना असं का म्हणाले? म्हणजे ऐकू गेलं होतं. नसलं तरी त्यांना कळलं होतं. आबा पुसत पुसत म्हणाले, "खोटं कुठं बोलला त्यो? गावातलाच हाय की मी."

आम्ही बराच वेळ तिथं बसलो. नंतर बस पकडून घरी गेलो आणि भाकरी करून खाल्ली. दोघांनाही भूक लागली होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मालिकेचा पन्नाशीचा खास भाग लागला. रात्री उशिरा लेकीचा फोन आला. मला वाटलं, काही झालं की काय. ती म्हणाली, "बाबा, नाव आलं." श्रेयनामावलीत ग्रेनरच्या जोडीनं डेलिया डर्बिशायरचं नाव पडद्यावर आलं होतं, पन्नास वर्षांनी. ती जाऊन बारा वर्षं झाली होती. मी म्हटलं, चांगलं झालं. सोमवारी बँकेत जुनं कपाट उघडून सेवापुस्तिकेची माझी प्रत काढली आणि वडिलांच्या व्यवसायाचा रकाना बघत बसलो. तो बदलण्याची कसलीही तरतूद नसते. बदलून करणार काय, हाही प्रश्न होताच.

आता निवृत्त होऊन उमापूरलाच असतो. हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण घडलं. गेल्या महिन्यात घराचे पत्रे बदलायला काढले, तेव्हा आतल्या खोलीतली लोखंडी पेटी बाहेर आली. आत लाल कोट होता, कसरीनं खाल्लेला. झालर मात्र शाबूत. क्लॅरोनेट कापडात गुंडाळलेली, तिची बुचं वाळून चुरा झालेली. आणि तळाशी सुपाऱ्यांची वही. आबा चौथी शिकलेले होते. तारीख, गाव, ठरलेली रक्कम, इसार, आलेली रक्कम, सगळं पेन्सिलीनं ओळीत लिहिलेलं. अशा वह्या तपासण्यात माझी हयात गेली. इतक्या स्वच्छ फार थोड्या पाहिल्या.

मी १९९९ चा मे काढला. त्या लग्नाची ओळ होती. सुपारी १५००. इसार ५००. आले ९००. कमी १००. रक्कम कुठं कमी आली की आबा शेजारी कारण लिहीत. एका ठिकाणी 'पाऊस', एका ठिकाणी 'ड्रमवाला आला न्हाई'. या ओळीपुढं लिहिलं होतं, 'नातीचं गानं'.

पानाचा फोटो काढून लेकीला पाठवला. तिकडे तेव्हा अजून उजाडलं नव्हतं.